पासपोर्टवर जुनं नाव, आधारवर नवं: परदेशी जाण्याआधी अडकलेलं काम असं सुटलं

मी ट्रान्स बाई, जळगाव जिल्ह्यातली. कॅनडात नव्यानं सुरुवात करायची होती, पण 2022 मध्ये पासपोर्टचा अर्ज दोनदा परत आला. कारण एकच, कागदांवर नाव आणि लिंग जुळत नाही.

आधी नुसतं नोटरीचं प्रतिज्ञापत्र दिलं, मग आधार बदलून पाहिलं. दोन्ही फुकट. भरउन्हात तीन चकरा झाल्या, डोकं भणभणलं.

चूक क्रमाची होती. चालला तो क्रम असा: आधी ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्र. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्याच्या कलम 6 खाली जिल्हाधिकारी प्रमाणपत्र देत, माझ्या वेळी वैद्यकीय तपासणी लागली नव्हती. त्यावर लिंग ‘ट्रान्सजेंडर’ आलं. ‘स्त्री’ हवं असेल तर तेव्हा शस्त्रक्रियेनंतर कलम 7 खाली वेगळा अर्ज करावा लागे. मग महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल. इथं जपा: माझ्या वडिलांच्या नावात इंग्रजीत एक ‘ए’ जास्त पडला होता, तेवढ्यासाठी परत जाहिरात द्यावी लागली. मसुदा दहावीच्या मार्कशीटशेजारी ठेवून अक्षर अक्षर ताडा. त्यानंतर आधार, मग पॅन, मग बँक. पासपोर्ट सगळ्यांत शेवटी, आणि अर्ज नव्या पासपोर्टचा नाही, रीइश्यूचा, म्हणजे जुनाच पासपोर्ट बदललेल्या तपशिलांनी पुन्हा काढण्याचा.

पदवीवर जुनंच नाव राहिलं. म्हणून कॅनडातल्या कामांसाठी पदवीसोबत राजपत्राचं पान जोडते. जुनं-नवं नाव एकाच ओळीत छापलेलं असतं. त्याच्या पाच रंगीत प्रती सोबत न्या. माय म्हणाली, भरताची वांगी ऱ्हाऊ दे, हे कागद आधी बॅगेत टाक.