तान्ह्या बाळाचं लिव्हर ट्रान्सप्लांट: धावपळीत काय काय हाताशी हवं

बाळ जेमतेम दहा दिवसांचं आणि डॉक्टर म्हणतात लिव्हर काम करत नाहीये, ट्रान्सप्लांट होतं तिथे हलवा. डोकं बंदच पडतं. माझ्या भाचीच्या वेळी फाइल माझ्याकडे होती, म्हणून आत्याच्या नात्याने लिहितेय.

आधी डिलिव्हरी झाली तिथलं डिस्चार्ज कार्ड घ्या, रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं होतं का ते त्यात बघा. आईच्या आधीच्या बाळंतपणांचे कागदही घ्या, आणि आधीचं एखादं बाळ पोटात किंवा जन्मल्यावर गेलं असेल तर सासूबाई समोर आहेत म्हणून गप्प बसू नका, सांगा. एवढ्या लहान बाळात गॅल्ड म्हणून एक आजार असतो, आईच्याच अँटीबॉडी बाळाच्या लिव्हरवर उलटतात, आणि त्यात आयव्हीआयजी (म्हणजे शिरेतून दिलेल्या दात्यांच्या अँटीबॉडी) देऊन, रक्त बदलून काही बाळं ट्रान्सप्लांटशिवाय सावरतात, आमची सावरली. हर्पिस विषाणूचा संसर्ग असेल तर असायक्लोव्हिर हे औषध, गॅलॅक्टोसेमिया म्हणजे दुधातली साखर न झेपण्याचा आजार असेल तर आईचं दूधसुद्धा बंद, त्यामुळे कारण काय हे रोज विचारा. मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशींना ऊर्जा देणाऱ्या भागाचा आजार निघाला तर बरेचदा ट्रान्सप्लांट करतच नाहीत. ते ऐकायची तयारी कशी करायची, मला नाही माहीत.

अडीच किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त साधारण २०० मिली, म्हणजे मोठा कपभर, म्हणून टेस्ट एकाच वेळी घेता येतील का विचारा, राग येत नाही कोणाला. एकदा टोचल्यावर भाचीच्या टाचेतून रक्त थांबेना, नर्स कापूस दाबून बसली होती, तेव्हा आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट, हे मला कळलं.

कारण शोधणं चालू असतानाच डोनर बघायला लागा. आई ओली बाळंतीण, त्यामुळे बहुतेक वेळा आधी बाबाच. ब्लड ग्रुप जुळावा लागतो, पण प्लस-मायनस आडवं येत नाही. दारू त्याच दिवशी बंद, आणि लिव्हरवर जास्त चरबी (फॅटी लिव्हर) निघाली तर गडी बाद, तेव्हा दुसरं नाव तयार ठेवा. कायद्याने आईबाबा, भावंडं, आजी-आजोबा जवळचे नातेवाईक, मावशी-मामा-काका-आत्या नाहीत, आम्हाला अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या कमिटीची परवानगी लागते, मला हे तिथेच कळलं. डोनरच्या लिव्हरचा डाव्या बाजूचा छोटा तुकडा घेतात, तोही एवढ्याशा पोटाला मोठा होतो, कधी अजून कापून लहान करावा लागतो.

पैशांसाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान निधी, सिद्धिविनायक ट्रस्ट, तिन्हीकडे एकदमच अर्ज करा, खर्चाचं एस्टिमेट सही-शिक्क्याचं घ्या. लसींचं कार्ड बरोबर ठेवा, ट्रान्सप्लांटनंतर जिवंत (दुबळे केलेले जंतू असलेल्या) लसी सहसा देत नाहीत. डॉक्टरांनी दूध थांबवलं तरी बाळाच्या आईला पंप करायला सांगा, नाहीतर आटतं.

आणि बारसं झालेलं नसतं ना, हॉस्पिटलच्या कागदावर ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव येतं, कुठे माहेरचं कुठे सासरचं. सगळीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग आहे का बघा, आमचं दोन ठिकाणी चुकलं होतं आणि ते सुधारायला दादा रात्री साडेअकराला काउंटरवर उभा होता.