फोल्डिंग सायकल सूटकेसमध्ये: बबल रॅप कमी, टेकू जास्त

घडी घातली की सायकल सूटकेसमध्ये आपोआप बसते, हा समज आधी सोडा. १६ इंची चाकांच्या काही सायकली जेमतेम तशा बसतात. २० इंचीची घडी मात्र डिकीत किंवा रेल्वेच्या डब्यात ठेवण्यापुरतीच असते. बऱ्याच विमान कंपन्यांचा चेक-इन बॅगेचा नियम लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटर असा असतो, आणि २० इंचीची घडी त्यात मावत नाही. तेव्हा ती सुटी करावीच लागते.

सूटकेस कडक कवचाची घ्या आणि आतून मोजा, कारण लेबलवरचं माप बाहेरचं असतं. ४०६ मिलिमीटर रिमचं २० इंची चाक टायरसकट साधारण ५० सेंटीमीटर भरतं. इथे एक सेंटीमीटरही महत्त्वाचा.

टायरमधली हवा निम्म्याहून जास्त सोडा, पण पूर्ण नको. ‘वर गेल्यावर टायर फुटतो’ हे ऐकून कंटाळा आला आहे. सामानाच्या कक्षातही केबिनसारखाच हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे टायरला फरक जाणवतो तो फार तर पाव बारचा. हवा सोडायची ती चाक सूटकेसमध्ये शिरावं म्हणून, आणि थोडी ठेवायची ती रिमला मार बसू नये म्हणून. काउंटरवर कुणी आणखी सोडायला सांगितली तर वाद न घालता सोडा.

सीटपोस्ट (सीटखालची दांडी), हँडल, चाकं काढा. पॅडल काढताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. पाना वरच्या दिशेला उभा धरा आणि सायकलच्या मागच्या बाजूला ओढा. दोन्ही पॅडल असेच सुटतात.

डिरेलर, म्हणजे मागची गिअर बदलणारी यंत्रणा, हँगरवरून (तिला फ्रेमशी जोडणाऱ्या पट्टीवरून) सोडवा. एकच बोल्ट असतो, बहुधा ५ मिलिमीटर ॲलन कीचा. केबलला हात लावू नका. डिरेलर चिंधीत गुंडाळून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत झिप टायने बांधा. हँगर मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे मार बसला तर तो वाकेल आणि फ्रेम वाचेल. एक जादा हँगर जवळ असू द्या.

आता खरं काम. मलाही सुरुवातीला हेच जमत नव्हतं, आणि मिळणारा सल्ला एकच: आणखी बबल रॅप गुंडाळा. बबल रॅपने रंगावरचे ओरखडे वाचतात, सायकल वाचत नाही. सूटकेसचं नुकसान आपटण्याने होतं त्याहून जास्त दाबाने होतं. तुमच्या बॅगेवर इतरांच्या जड बॅगा रचल्या जातात, झाकण आत दबतं आणि सगळा भार आतल्या सर्वांत उंच भागावर येतो. तो भाग बहुतेक वेळा चाकाची आस नाहीतर क्रँक (पॅडलचा दांडा) असतो. बबल रॅप तिथे चपटा होतो आणि भार थेट धातूवर जातो.

म्हणून त्या भाराला दुसरी वाट करून द्या. साधा पीव्हीसी पाइप घ्या, स्पोकमधल्या फटीतून जाईल इतका बारीक. बंद सूटकेसची आतली खोली मोजा, तीही मधोमध, कारण फुगीर कवचाची खोली कडेला कमी असते. त्या मापाचे तीन-चार तुकडे कापून स्पोकमधून आणि फ्रेमच्या रिकाम्या जागांतून उभे करा. दोन्ही टोकांना रुंद टोपी हवीच, नाहीतर पाइपच कवच फोडेल. तुकडे वेल्क्रोने फ्रेमला बांधा. आडवा झालेला टेकू निव्वळ ओझं असतो.

चाकं काढल्यावर फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि मागचे ड्रॉपआउट (चाकाची आस बसते त्या खाचा) उघडे पडतात आणि दाबाने आत वाकतात. नव्या सायकलींसोबत तिथे बसवलेले प्लॅस्टिकचे तुकडे येतात. दुकानदार ते फेकून देतात, मागून घ्या. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर पॅडमध्येही तुकडा सरकवा. चाक नसताना लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात.

चाकांचे क्विक रिलीज (आसेतून जाणारी खटक्याची दांडी) काढून ठेवा. मागच्या चाकाची कॅसेटची (दातेरी चकत्यांच्या संचाची) बाजू आत, फ्रेमकडे. झाकण लावून मधोमध गुडघ्याने दाबा. भार पाइपने घेतला पाहिजे, धातूवर धातू घासल्याचा आवाज येता कामा नये. मग सूटकेस उभी करून हलवा. खडखडलं तर पुन्हा उघडा. बंद करायला वर बसावं लागत असेल, तर रचनाच चुकली आहे.

तपासणीत बॅग उघडली जाईल असं धरूनच चाला. चिकटपट्टीचे दहा वेढे घालू नका, कापलेली पट्टी कुणी परत लावत नसतं. नीट भरलेल्या बॅगेचा फोटो छापून झाकणाच्या आत चिकटवा.

पॉवर बँक हातातल्या सामानात, दिव्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्याही तिथेच. ई-सायकल असेल तर बॅटरी घरीच राहील. १६० वॉट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, आणि सायकलची बहुधा त्याहून मोठीच असते.

उतरल्यावर हॉटेलची वाट पाहू नका, बॅगेच्या पट्ट्याजवळच उघडा. हँगर, ड्रॉपआउट आणि रिम बघा. काही वाकलं असेल तर फोटो काढून तिथेच लेखी तक्रार द्या. माँट्रियल करार (विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीच्या तक्रारीची मुदत बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांची असते.