रेटिनॉइडने चेहरा सोलला? मग या चुका टाळा

ट्रेटिनॉइनने कातडी पातळ होते म्हणे, बंद करू का? मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न आला नाही असा आठवडा जात नाही. ट्रेटिनॉइन म्हणजे पिंपल्स, सुरकुत्यांवर लावायचं रेटिनॉइड, अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध. पातळ होतो तो फक्त सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर. त्याखालच्या जिवंत पेशींचा थर उलट जाड होतो आणि बरेच महिने नियमित वापर झाला तर आणखी खाली कातडीला घट्ट धरणारं कोलॅजनही वाढतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांतली लाली, चुणचुण, खपल्या म्हणजे वरचा थर तात्पुरता कमकुवत झाल्याचं लक्षण.

कातडी खरोखर पातळ करणारी ट्यूब वेगळीच असते. मागे एक मुलगी रिकामी ट्यूब घेऊन आली, "ताई, हीच द्या." मैत्रिणीच्या सांगण्यावरून गोरं व्हायला वर्षभर रोज लावलेली. गालांवर लाल शिरांचं जाळं, हनुवटीवर लव. लावणं थांबवलं की चेहरा पेटायचा, म्हणून परत लावायची. ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरांत तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. ती दोष देत होती ट्रेटिनॉइनला. गुन्हेगार होतं मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. मी ट्यूब दिली नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. रागावून गेली. पुढच्या दुकानात मिळालीही असेल. स्टेरॉइड मलमांचे नियम २०१८ साली आणखी कडक झाले, तरी चिठ्ठी न मागता देणारे देतातच. ट्यूबची पाठ वाचायला अर्धं मिनिट लागतं हो!

दुसरी चूक घाईची. रोज लावायचं, जाड लावायचं, आठवड्यात फरक नाही दिसला की थेट ०.१ टक्के ट्रेटिनॉइनची मागणी. सुरकुत्यांवर वर्षभरात ०.०२५ आणि ०.१ टक्क्याचा परिणाम जवळपास सारखाच दिसतो. आग मात्र ०.१ ची जास्त. मी नव्या माणसाला सांगते ते असं: रात्री चेहरा धुवा, पूर्ण कोरडा होऊ द्या, आधी मॉइश्चरायझर, मग अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं मलम. आठवड्यातून दोन-तीन रात्रीच. सोसलं तर वाढवा. पिंपल्ससाठी तीन महिने धीर धरा, आणि आलेल्या पिंपलवर नुसता ठिपका देऊ नका. नवे येऊ नयेत म्हणून पूर्ण भागावर लावायचं असतं.

नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे आधी व्हॅसलिनने झाका.

खपल्या स्क्रबने काढू नका. वर लिंबू चोळणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

चेहऱ्याचं वॅक्सिंग असेल तर आठवडाभर आधी ट्यूब बंद, नाहीतर पट्टीबरोबर कातडी निघते.

दिवसा सनस्क्रीन परवडत नसेल तर रेटिनॉइडही घेऊ नका.

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर ही ट्यूब मुळीच नको. डॉक्टरांना सांगा, ते दुसरं काही देतील.