कंपनीचं नाव पुसून बातमी कशी ऐकावी

खासगी वाहिनीवर जाहिरात लागली की आपण चहा टाकायला उठतो. आकाशवाणी-दूरदर्शनपुढे मात्र निर्धास्त बसतो. सरकारीच ती, तिला काय विकायचंय! तंत्रज्ञानाच्या बातमीत नेमके इथेच आपण फसतो. दरवेळी कुणी पैसे चारलेले असतात असं नाही. कंपनी मजकूर, फोटो, बोलायला माणूस, सगळं ताटात वाढून देते आणि बातमीदाराला घाई असते.

आधी एक वही घ्या. आठवडाभर एकच बातमीपत्र ऐका आणि तंत्रज्ञानाची बातमी आली की तीन गोष्टी टिपा : कोण बोललं, काय दावा केला, कुणाला विचारलंच नाही. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. खोटं सांगितलेलं क्वचित सापडतं. न विचारलेलं रोज सापडतं.

मग कंपनीचं नाव खोडा. समजा बातमी अशी : ‘अमुक कंपनीचं एआय ॲप काजू बागायतदारांना वरदान.’ नाव आणि ‘वरदान’ काढलं की उरतं एवढंच : पानाचा फोटो काढा, फोन रोग सांगेल. आता गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बागायतदाराच्या जागी उभे राहा. ढेकण्या ही कीड पालवीवर दिसेल, पण रोठा ही दुसरी कीड, तो खोडाच्या आत पोखरत असतो, तो पानाच्या फोटोत कसा कळणार? डोंगराच्या कुशीत रेंज नसेल तर? फोटो कुणाकडे साठतात? वर्षभराने पैसे मागणार का? यातलं बातमीत काहीच नसेल, बोलणारे दोघेही कंपनीचेच असतील, तर ती जाहिरातच समजा.

पुढची पायरी, माणसांची ये-जा आणि करारमदार पाहणं. बीबीसीने सप्टेंबर 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टशी सामंजस्य करार केला. 2007 च्या जुलैत आयप्लेअर या बीबीसीच्या इंटरनेटवरच्या कार्यक्रम-सेवेची खुली चाचणी सुरू झाली, तेव्हा कार्यक्रम उतरवून घेता येत ते फक्त मायक्रोसॉफ्टच्याच विंडोज एक्सपीवर. बीबीसी जिच्यावर चालते ती लायसन्स फी मात्र मॅक आणि लिनक्स संगणकवालेही भरत होते. एरिक हगर्स हे अधिकारी मायक्रोसॉफ्टमधून बीबीसीत आले, ॲशली हायफील्ड हे दुसरे अधिकारी बीबीसी सोडून पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. यावरून बातम्या विकल्या गेल्या असं सिद्ध होत नाही, आणि तसं कुणी छातीठोक सांगितलं तर त्यालाही पुरावा मागा. पण अशा वेळी कान जास्त टवकारायचे.

आपल्याकडेही आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसारभारती आता नुसती प्रेक्षक राहिलेली नाही. तिचा ‘वेव्हज’ ओटीटी 20 नोव्हेंबर 2024 रोजी गोव्यातच, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात सुरू झाला. त्यामुळे ओटीटीविषयी दूरदर्शनवर काही लागलं तर सांगणाराच दुकानदार आहे, हेही वहीत टिपा.

आठवड्याने वही भरली की पत्र लिहा. प्रसारभारती कायदा, 1990 चं कलम 12 हाताशी ठेवा. लोकांना खरी, वस्तुनिष्ठ माहिती आणि वेगवेगळी मतं मिळावीत, हे त्यात कर्तव्य म्हणून लिहिलंय. ‘तुम्ही पक्षपाती आहात’ एवढंच लिहिलेलं पत्र फायलीत जाऊन झोपतं. तारीख, वेळ, बोललेल्यांची नावं आणि राहिलेला प्रश्न, एवढंच लिहा.

उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार. प्रसारभारती केंद्राची, म्हणून अर्ज केंद्राच्या पोर्टलवर करा, गोवा सरकारकडे नको. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘असं का केलं’ विचारू नका, कागद मागा : त्या तारखेच्या कार्यक्रमासाठी प्रायोजकत्वाची रक्कम, कराराची प्रत, बातमीदाराच्या प्रवासाचा खर्च कुणी केला त्याची नोंद. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(डी) खाली, व्यापारी गुपित म्हणून, नकार येऊ शकतो. मग 30 दिवसांत पहिलं अपील टाका आणि सार्वजनिक हित काय ते स्पष्ट लिहा. केंद्राच्या नियमांत त्या अपिलाला शुल्क नाही.