उतरवलेल्या नेटवर्कचं पुढे काय होतं: या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन शिकलेल्या मुलांना नोकरी कुठे हवी विचारलं, तर 5जी, फायबर, डेटा सेंटर अशी नवं उभारायच्या बाजूची नावं येतात. जुनं उतरवायच्या बाजूला रांग नसते. मी नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यात त्या बाजूला काम करते. बँका, ऑफिसं आणि डेटा सेंटरमधून निघालेले स्विच, राउटर, फायरवॉल, म्हणजे नेटवर्क जोडणारे आणि राखणारे डबे, आमच्याकडे येतात. तपासायचे, दुरुस्त करायचे, विकायचे, आणि खरोखरच संपलेलं रीसायकलरकडे पाठवायचं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. इथे येणारा बराचसा माल चालू असतो. तो उतरतो कारण बनवणाऱ्या कंपनीने त्याचा सपोर्ट थांबवलेला असतो. सुरक्षेचे अपडेट बंद झाले की ऑडिटर शेरा मारतो, आणि पुढच्या बजेटात नवा रॅक, म्हणजे उपकरणं बसवलेली चौकट, मंजूर होतो. मोठ्या कंपन्यांच्या मालाला विक्री बंद झाल्यापासून साधारण पाच वर्षं सपोर्ट मिळतो. धातूचा डबा मात्र त्यानंतरही बरीच वर्षं चालू शकतो. आमचं काम या मधल्या काळातलं.

मग चालू डबासुद्धा भंगारात का जातो? बहुतेक वेळा अगदी फुटकळ कारणाने. रॅकला अडकवायचे कान उतरवताना वेगळ्या खोक्यात टाकले आणि ते खोकं हरवलं. दोन पॉवर सप्लायपैकी एकच आला. अॅडमिनचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आधीच्या मालकाच्या ऑनलाइन खात्याला बांधलेलं, आणि ते सोडवून द्यायला त्या ऑफिसात आता कोणी बसत नाही. लाखाच्या किमतीचा स्विच किलोच्या भावाने जातो तो असा. म्हणून मी नवीन मुलांना सोल्डरिंगच्या आधी एक्सेल शिकवते. सिरियल नंबर, मॉडेल, कोणत्या साइटवरून आला, सोबत काय आलं, लायसन्स कुणाच्या नावावर. ही यादी उतरवण्याच्या दिवशी, रॅकसमोर उभं राहून करायची. गोडाऊनमध्ये आल्यावर करू म्हटलं की झालंच.

बेंचवरचं, म्हणजे तपासणी-दुरुस्तीच्या टेबलावरचं काम मात्र मजेचं आहे. आमच्याकडे एक काका आहेत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीत उमेदीची वर्षं घालवलेले. मी पहिल्यांदा घाईघाईने लॅपटॉप उघडून बसले तेव्हा म्हणाले, "अगं, आधी पंखा ऐक, मग स्क्रीन बघ." त्यांचं खरं आहे. पॉवर दिल्यावर पंखे पूर्ण वेगाने घोंघावतात आणि थोड्या वेळात शांत होतात. तसेच ओरडत राहिले तर उपकरण बूटच होत नाहीये, किंवा तापमानाचा सेन्सर गेला आहे. त्यानंतर उपकरण लॅपटॉपला जोडणारी कन्सोल केबल लावायची, त्याचा मजकूर दाखवणारं पुट्टी हे सॉफ्टवेअर उघडायचं, जोडणीचा वेग 9600 ठेवायचा आणि बूटचा सगळा मजकूर फाइलमध्ये उतरवून घ्यायचा. मेमरी तपासली गेली का, फ्लॅश (आतली कायमची साठवण) सापडली का, कुठल्या मॉड्यूलवर 'फेल' आलं, हे सगळं त्यात असतं. काहीच अक्षर उमटलं नाही तर घाबरू नका, वेग बदलून बघा. आधीच्या एखाद्या इंजिनिअरने तो 115200 करून ठेवलेला असतो.

झाकण उघडल्यावर आधी पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघायचे. टोपी फुगली असेल किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल तर तो गेला. कपॅसिटर आणि पंखा, या दोन स्वस्त वस्तू बदलून जितकी उपकरणं उठतात तितकी चिप बदलून उठत नाहीत. पण एक अपवाद लक्षात ठेवा. 2017मध्ये इंटेलच्या अॅटम सी2000 या चिपमध्ये दोष असल्याचं बाहेर आलं. तिचा घड्याळाचा सिग्नल काही काळाने बंद पडतो आणि उपकरण एकदा बंद केलं की पुन्हा सुरू होत नाही. ही चिप नेटवर्कच्या बऱ्याच सामानात गेली होती. अशा मॉडेलांची यादी बेंचवर चिकटवलेली असावी. नाहीतर 'टेस्ट ओके' लिहून पाठवलेला माल गिऱ्हाईकाच्या पहिल्या वीजखंडितीनंतर परत येतो.

डेटा पुसणं हा भाग नवी मुलं हलक्यात घेतात. हार्डडिस्क पुसायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण राउटरमध्ये कसला डेटा, असं वाटतं. 2023मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने वापरलेले राउटर बाजारातून विकत घेऊन तपासले. चालू निघालेल्या 16पैकी निम्म्याहून जास्त राउटरांवर आधीच्या कंपन्यांची माहिती तशीच होती: व्हीपीएनच्या (बाहेरून नेटवर्कात शिरायच्या सुरक्षित वाटेच्या) किल्ल्या, आतल्या नेटवर्कचा नकाशा, ग्राहकांची माहिती. त्यामुळे फॅक्टरी रीसेट, त्यानंतर फ्लॅशमधल्या जुन्या बॅकअप फाइली हाताने तपासणं, आणि प्रत्येक सिरियल नंबरला वेगळं प्रमाणपत्र, हा क्रम चुकवायचा नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं 800-88 हे मार्गदर्शक इथे सगळे मानतात. त्यात पुसणं, खोलवर पुसणं आणि नष्ट करणं अशा तीन पायऱ्या आहेत. बँकेला प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय ती पुढचा लॉट देत नाही, आणि लॉट नाही तर पुनर्वापराच्या गप्पाही नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. 1 एप्रिल 2023पासून ई-कचरा व्यवस्थापन नियम, 2022 लागू आहेत. त्यांच्या पहिल्या परिशिष्टात आता 106 प्रकारची उपकरणं आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर उत्पादक, रिफर्बिशर (जुना माल दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारे) आणि रीसायकलर यांना नोंदणी करावी लागते. ई-कचरा 180 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. आमच्या धंद्याला जीव देणारी तरतूद रिफर्बिशिंगच्या प्रमाणपत्राची आहे. आपल्या जुन्या मालाचं रीसायकलिंग करवून घेणं ही उत्पादकाची जबाबदारी असते. दुरुस्त करून आयुष्य वाढवलेल्या मालापुरती ती पुढे ढकलली जाते, आणि वाढीव आयुष्य संपल्यावर ढकललेल्या वजनाच्या 75 टक्केच त्याच्या खात्यात धरलं जातं. म्हणजे दुरुस्तीला कागदावर किंमत आली. हे पोर्टल नीट चालवता येणाऱ्या माणसाला आज बेंचवरच्या तंत्रज्ञाइतकीच मागणी आहे. हे काम कंटाळवाणं आहे, पण जो शिकतो तो टिकतो.

टेलिकॉम कंपन्यांना जुना माल विकायचं स्वप्न घेऊन येत असाल तर जरा थांबा. 15 जून 2021पासून परवानाधारक कंपन्यांना आपल्या नेटवर्कात फक्त विश्वासू ठरवलेल्या स्रोतांचीच नवी उपकरणं जोडता येतात. त्यामुळे आमचा बाजार मुख्यतः खासगी ऑफिसं, कॉलेजं आणि सुटे भाग लागणारे लोक.

आता थोडं अडचणीचं. जुनं वापरत राहणं दर वेळी पर्यावरणाच्या भल्याचं असतंच असं नाही, आणि मुलाखतीत हे म्हणणारा उमेदवार मला आवडतो. नेटवर्कचं उपकरण चोवीस तास, बाराही महिने चालू असतं. 300 वॉट खाणारा जुना स्विच वर्षाला 2,628 युनिट जाळतो. तेच काम 120 वॉटमध्ये करणारा नवा 1,051. फरक जवळपास 1,577 युनिटचा. युनिटला 10 रुपये धरले तर वर्षाला पंधरा हजारांवर, आणि आपल्या देशातली वीज युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते हे धरलं तर अकराशे किलो. एसीचा भार वेगळाच. असा स्विच पुन्हा चोवीस तासांच्या कामाला विकणं मला पटत नाही. पण तोच स्विच सुटा स्पेअर म्हणून फडताळात राहिला तर वीज शून्य खातो, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये गेला तर दिवसाचे दोन-चार तासच चालतो. कुठला माल कुठे बसवायचा हे ठरवता येणं हीच या कामातली अक्कल. आणि हो, डेटाशीटवरचा कमाल वॉटचा आकडा घेऊन हिशेब करू नका. प्रत्यक्ष भारावर मीटर लावा, दोन्हींत बराच फरक निघतो.

मोबाइल टॉवरची बाजू मी कमी पाहिली आहे, तरी दोन गोष्टी अभ्यासण्यासारख्या आहेत. एक म्हणजे टॉवर वाटून घेणं. स्पर्धक कंपन्यांनी एकाच खांबावर अँटेना लावायच्या, एकच जनरेटर आणि एकच बॅटरी बँक वापरायची, हे आपल्याकडे 2007मध्ये इंडस टॉवर्स या टॉवर कंपनीच्या स्थापनेपासून मोठ्या प्रमाणावर रुजलं. ते झालं पैसे वाचवायला, पण त्यामुळे न उभारलेल्या टॉवरांचं लोखंड आणि डिझेल वाचलंच. दुसरी बॅटऱ्यांची. चायना टॉवर या कंपनीने 2018मध्ये शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या विकत घेणं थांबवलं आणि विजेवरच्या गाड्यांतून निघालेल्या लिथियम बॅटऱ्या टॉवरवर बसवायला घेतल्या. गाडीला पुरेशी न राहिलेली बॅटरी एका जागी उभ्या असलेल्या टॉवरला पुरते. आपल्याकडे या दिशेने ज्याला काम करायचं आहे त्याने बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारी यंत्रणा) आणि बॅटरी कचरा नियम, 2022 हे दोन्ही वाचून यावं.

शिक्षण काय लागतं? आयटीआय किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा पुरतो. सीसीएनए या सिस्को कंपनीच्या परीक्षेच्या पातळीचं नेटवर्किंग येत असेल तर पगाराच्या बोलणीत वजन येतं. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर खरेदीच्या बाजूला जायचा विचार करा. टेंडरमध्ये सुटे भाग किती वर्षं मिळतील, लायसन्स हस्तांतरित करता येईल का, पॉवर सप्लाय बाहेरून बदलता येतो का, हे तीन प्रश्न कोणी घातले तर पाच-सात वर्षांनी आमच्या बेंचवरचं अर्धं दुखणं जातं. दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय संघटना आयटीयू हिचं एल.1023 हे मानक, उपकरण किती टिकाऊ, दुरुस्तीयोग्य आणि पुन्हा वापरण्याजोगं आहे याला गुण कसे द्यायचे ते सांगतं. फुकट उतरवून घेता येतं. मुलाखतीआधी चाळलंत तरी समोरचा सरसावून बसेल.

नोकरी स्वीकारण्याआधी एवढं करा: त्या कंपनीचं नाव मंडळाच्या पोर्टलवर रिफर्बिशर किंवा रीसायकलर म्हणून आहे का ते बघा, आणि टेस्ट बेंच दाखवा म्हणा. नुसतं गोडाऊन आणि वजनकाटा दाखवला तर नमस्कार करून निघा.