कपाटातला लॅपटॉप पुन्हा कामाला लावताना

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत शेजारची सूनबाई एक काळी बॅग घेऊन माझ्याकडे आली. "काकू, हा भंगारवाल्याला देऊन टाकू का? दुकानात दाखवला होता. म्हणाले मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या." बॅगेत २०१४ साली घेतलेला लॅपटॉप होता. आय ३-४००५ यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. तिची मुलगी आठवीत आहे आणि शाळेचे सगळे पीडीएफ मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर डोळे बारीक करून वाचते. मी म्हटलं, "ठेव इथे. आठ दिवसांनी बोलू."

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. पस्तीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. गेल्या चार वर्षांत अशा अकरा लॅपटॉपना हात लावला, त्यातले नऊ आज कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर रोज उघडतात. त्या अनुभवावरून सांगते, घरातला जुना लॅपटॉप मंद चालतो तेव्हा बहुतेक वेळा दोष एखाद्याच भागाचा असतो. तो भाग कोणता हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

आणि त्याच्याही आधी, काम काय करायचं आहे ते ठरवा. मराठीत टायपिंग, मेल, व्हिडिओ पाहणं, बँकेची आणि रेल्वेची कामं, मुलांचा अभ्यास, वहीसारखा हिशेब, एवढं असेल तर दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप पुरतो. व्हिडिओ एडिटिंग किंवा नवे खेळ हवे असतील तर हा मार्ग तुमचा नाही.

सूनबाईचा लॅपटॉप सुरू झाला, म्हणजे मदरबोर्ड, आतली मुख्य पाटी, जिवंत होता. मग ब्राउझर उघडला तर प्रत्येक साइटवर एकच सूचना, 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही'. दुकानातही बहुधा इथेच थांबले असावेत. मी कोपऱ्यातली तारीख पाहिली. १ जानेवारी २०१४. दुरुस्त केली, मेल उघडली. बंद करून चार्जर काढला आणि दुसऱ्या दिवशी लावला, तर पुन्हा २०१४. हा मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा प्रकार. त्याचं नाव सीआर २०३२. लॅपटॉप बंद असताना घड्याळ तोच चालवतो. तो संपला की तारीख मागे जाते, आणि साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र आजच्या तारखेचं असल्यामुळे ब्राउझरला ते खोटं वाटतं. नवा सेल ३ व्होल्टचा असतो, मल्टिमीटरवर हा १.१ दाखवत होता. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही तो मिळतो. फक्त एक पाहा, काही लॅपटॉपमध्ये हा सेल काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असतो आणि त्याला दोन तारा व छोटा सॉकेट असतो. तसा असेल तर तसाच मागा, नुसता सेल आणून तारा चिकटवत बसू नका.

आता मंदपणा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप सुरू करून पाच मिनिटं काहीच न करता 'डिस्क'चा रकाना बघत बसा. तो १०० टक्क्यांवर अडकून राहिला आणि प्रोसेसर वीस-पंचवीसवरच असला, तर हार्ड डिस्क दमली आहे. 'मेमरी' ९० च्या वर असेल तर रॅम, म्हणजे चालू कामं धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी, कमी पडतेय. दोन्ही असेल तर डिस्क आधी बदला, रॅम नंतर. मी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअरही चालवते. त्यात डिस्कच्या आरोग्याचा रंग पिवळा किंवा लाल दिसला तर बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई पुढेमागे सरकत डेटा शोधते. लॅपटॉपच्या साध्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वेगवेगळ्या जागांवरून वाचाव्या लागतात, आणि सगळा वेळ त्या सुईच्या धावपळीत जातो. एसएसडी ही चिपवर डेटा साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच. म्हणून जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवली की जो फरक पडतो, तो दुसऱ्या कुठल्याही खर्चाने पडत नाही. सूनबाईचा लॅपटॉप आधी चालू होऊन हाताशी यायला चार मिनिटं घ्यायचा. आता अर्ध्या मिनिटाच्या आत येतो. प्रोसेसर तोच.

विकत घेताना नेमकं मागायचं ते असं: अडीच इंची साटा एसएसडी, जाडी ७ मिलिमीटर, २४० किंवा २५६ जीबी. घरच्या कामाला एवढी भरपूर होते. माहितीतल्या कंपनीची, तीन वर्षांच्या वॉरंटीची आणि पक्क्या बिलावर घ्या. इंदूरमध्ये मी आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाते, नाहीतर जेल रोडला. किमती सारख्या हलत असतात, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारल्याशिवाय घेत नाही. सोबत जुन्या डिस्कसाठी एक यूएसबी केस, म्हणजे डिस्क आत ठेवून यूएसबीने जोडायची डबी, घ्या. जुनी डिस्क चालू असेल तर या डबीत टाकली की जुने फोटो, पत्रिका, लग्नाचे व्हिडिओ सगळं तसंच्या तसं हाताशी राहतं.

लॅपटॉप उघडायची भीती बहुतेकांना वाटते, म्हणून हे जरा सावकाश सांगते. चार्जर काढा. मागची बॅटरी सरकवून निघणारी असेल तर काढा, आत असेल तर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तिची पिन सोडवा. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. आपल्याकडे थंडीत हवा कोरडी असते, स्वेटरला हात लावला तरी चटका बसतो. म्हणून मी आधी स्वयंपाकघरातल्या लोखंडी नळाला हात लावून येते. स्क्रू ठेवायला माझ्याकडे जुना मसाल्याचा डबा आहे, सात वाट्यांचा. डावीकडचे स्क्रू डावीकडच्या वाटीत, मधले मधल्या वाटीत. हे महत्त्वाचं आहे, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वर कीबोर्डच्या बाजूने टोक येतं. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. झाकणाच्या कडा मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने हळूहळू सोडवत जायच्या, पेचकसाने नाही. पेचकसाने प्लॅस्टिकला खाच पडते ती कायमची. पट्टीसारख्या केबल ओढू नका. त्यांच्या सॉकेटवर नखाएवढी झडप असते, ती वर उचलली की पट्टी आपोआप सुटते. माझी पहिली झडप मोडली होती, आणि त्या लॅपटॉपचा टचपॅड पुन्हा चालला नाही.

उघडलाच आहे तर पंखा साफ करून घ्या. सूनबाईच्या पंख्यापुढच्या जाळीत धुळीची वाकळ बसली होती. चिमट्याने धरून ओढली तर अखंड पट्टी निघाली. रंगाचा मऊ ब्रश आणि हवेचा फुगा पुरतो, फक्त पातं बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने गरागरा फिरू देऊ नका. प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला त्यावर लावलेली थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल तर बदलावी, पण तेवढं काम पहिल्या वेळी जाणत्याकडून करून घेतलेलं बरं.

रॅमच्या बाबतीत एका अक्षरावर सगळं अडतं. चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपना डीडीआर ३ एल लागते, १.३५ व्होल्टची. साधी डीडीआर ३ दीड व्होल्टची असते. खाच तीच, दिसायला हुबेहूब, पण यांत चालत नाही. जुन्या रॅमच्या लेबलवर 'पीसी ३ एल' असं छापलेलं असतं, त्यातला 'एल' बघून घ्या. शक्य असेल तर जुनी रॅम काढून दुकानात सोबतच न्यावी. डीडीआर ४ तर खाचेतच बसत नाही. दोन खाचा आहेत की एक, हेही आधी पाहा. ४ ची ८ जीबी केली की ब्राउझरचे दहा-बारा टॅब निवांत चालतात. ८ च्या पुढे या कामांसाठी पैसे घालवू नका. बसवताना रॅम तिरकी आत सरकवायची आणि खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा 'टक' आवाज आला पाहिजे.

आता विंडोजचा प्रश्न. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. जादा अपडेटची योजना घरगुती ग्राहकांसाठी आणली तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. प्रोसेसरच्या नावातला आकड्यांचा गट पाहा. ४००५ म्हणजे चौथी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. अटी चुकवून विंडोज ११ घालून देणारे लोक आहेत. मी ते करत नाही, कारण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या लॅपटॉपवर बँक उघडणार तिथे मला हे पटत नाही.

म्हणून मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घालते, त्यातली हलकी एक्सएफसीई आवृत्ती. फुकट आहे, ४ जीबी रॅमवर चालते, २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. दिसायला जुन्या विंडोजसारखी, खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तिची फाइल उतरवा आणि बलेना एचर नावाच्या सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्या. मग लॅपटॉप सुरू होताना डेल किंवा लेनोव्हो असेल तर एफ १२, एचपी असेल तर एफ ९ दाबत राहा आणि पेनड्राइव्ह निवडा. इथे मिंटची फार चांगली सोय आहे. काहीही न बसवता ती पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतोय का, हे सगळं तेव्हाच तपासा. मगच 'इन्स्टॉल'वर जा. जुनी डिस्क बाहेर काढून ठेवलेली असल्यामुळे नव्या एसएसडीवर काहीही पुसलं गेलं तरी घाबरायचं कारण नसतं.

टॅली, किंवा डिजिटल सहीच्या टोकनवर चालणारी कामं करणाऱ्यांनी मात्र विंडोजवरच राहावं. त्यांच्यासाठी आठव्या पिढीचा जुना लॅपटॉप शोधणं जास्त शहाणपणाचं.

व्हिडिओ अडकत असतील तर त्याचं कारण वेगळं आहे. यूट्यूब आता बरेचसे व्हिडिओ व्हीपी ९ आणि एव्ही १ या पद्धतींत पाठवतं. इतक्या जुन्या ग्राफिक्स चिपला त्या उलगडता येत नाहीत, मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा ओरडायला लागतो. फायरफॉक्समध्ये 'एच २६४ इफाय' नावाचं एक्स्टेन्शन घाला. ते यूट्यूबकडून जुनी, चिपला झेपणारी पद्धत मागून घेतं. पडदा १३६६ बाय ७६८ चा असेल तर व्हिडिओची क्वालिटी ७२० च्या वर नेऊन फरक दिसणारच नाही, तेवढीच ठेवा.

बॅटरी शेवटी. घरात टेबलावरच वापरणार असाल तर मेलेल्या बॅटरीसकट चार्जरवर चालू द्या, नवीन घ्यायची घाई नको. पण टचपॅड वर आला असेल, तळ फुगलेला वाटत असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी बंद करा, चार्ज करू नका, टोचू नका, काढून घ्या. ती आणि तुटके भाग सुक्या कचऱ्यात टाकू नका. आपल्या इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. गाडीवरच्या माणसाला सांगून, हातात देऊन टाका.

मराठी टायपिंगसाठी मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमधल्या लेआउटमध्ये 'मराठी' निवडा, नुसतं हिंदी नाही. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरलेल्या कळांच्या मांडणीत, एन च्या कळीवर ल आहे आणि शिफ्ट धरला की ळ. जे च्या कळीवर र, शिफ्ट धरला की 'सुऱ्या', 'वाऱ्या'तला ऱ. सूनबाईच्या मुलीला एवढंच दाखवून मी चहा टाकायला आत गेले. तिचा शाळेचा प्रकल्प अहिल्याबाईंवर होता. परत आले तर पडद्यावर मोठ्या अक्षरात 'होळकर' लिहिलेलं होतं. मोबाइलवर ती इतके दिवस 'होलकर' लिहीत होती.