तुरुंगातून सुटताना ओळखपत्रं: या चुका टाळा

सुटकेच्या दिवशी गेटवर हातात काय पडतं? दाखल होताना जमा केलेल्या वस्तू, असलेच तर थोडे पैसे, आणि तुरुंगाच्या शिक्क्याचा एक कागद. पुढच्याच आठवड्यात खोली बघायला गेलं, सिम घ्यायला गेलं, साइटवर कामाला उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, "आधार आणलंय का?" तिथे तो शिक्क्याचा कागद पुढे करणं म्हणजे आपली ओळख कलमासकट सांगणं. पुन्हा कोणी खोली दाखवत नाही.

बंद्यांच्या घरच्यांसोबत कागदपत्रांची धावपळ करताना मला त्याच त्या चुका दिसत राहतात. बहुतेक आतच टाळता येण्यासारख्या असतात.

कार्ड हरवलं म्हणून नवीन आधार काढणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. तुरुंगात गेल्याने आधार रद्द होत नाही, क्रमांक तोच राहतो. नव्याने नोंदणी केली की बोटांचे ठसे आणि बुबुळं जुन्या नोंदीशी जुळतात आणि अर्ज दुबार म्हणून फेटाळला जातो. त्यात हातचा वेळ जातो तो वेगळाच. त्याऐवजी आधी घर धुंडाळा. मुलांच्या शाळेत दिलेली झेरॉक्स, गॅसचं पुस्तक, बँकेचा जुना फॉर्म, कुठेतरी क्रमांक सापडतोच. नाहीच सापडला तर आधार केंद्रात ठसे देऊन जुनी नोंद शोधता येते. आतल्या कारखान्यात वर्षानुवर्षं सुतारकाम, लोहारकाम केलेल्या माणसाचे ठसे कधी कधी उठत नाहीत. तेव्हा ऑपरेटरने "होत नाही" म्हटलं तरी उठू नका, बुबुळाने करायला सांगा.

आधार खरंच कधी काढलंच नसेल, तर मात्र आत असतानाच काढा. तुरुंगाच्या ई-प्रिझन्स या संगणक प्रणालीतून निघणारं 'प्रिझनर इंडक्शन डॉक्युमेंट' (कैदी दाखल झाल्याच्या नोंदीचा कागद) अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यासह आधार नोंदणीला चालतं. बाहेर आल्यावर हाच पुरावा स्वतः गोळा करत बसावं लागतं. शिवाय १८ वर्षांवरील माणसाची पहिली नोंदणी राज्य शासनामार्फत पडताळली जाते, त्यात महिने जाऊ शकतात. पक्क्या कैद्याला, म्हणजे शिक्षा झालेल्याला, सुटकेची तारीख बहुतेक वेळा माहीत असते. त्याने निदान सहा महिने आधी अर्ज द्यावा. कच्च्या कैद्याचा, म्हणजे खटला चालू असलेल्याचा, जामीन कधी होईल ते कोणीच सांगू शकत नाही, म्हणून त्याने वाट बघूच नये.

एफआयआरमधलं नाव आधारवर चढू देणं

ठाण्यात लिहिणाऱ्याने जे ऐकलं ते लिहिलेलं असतं. 'राजू उर्फ पप्पू', वडिलांचं नाव गाळलेलं, वय अंदाजे. तेच नाव वॉरंटवर येतं, वॉरंटवरून तुरुंगाच्या रजिस्टरात आणि तिथून संगणकात. त्या कागदावर आधार काढलं की पोलिसांनी ठेवलेलं नाव जन्मभर चिकटलं. आधारवर नाव फक्त दोनदा बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. ही संधी असल्या दुरुस्तीत घालवण्यासारखी नाही.

म्हणून कागद छापून घेण्याआधी त्यावरचं नाव शाळा सोडल्याच्या दाखल्याशी ताडून बघा. दाखला हरवला असेल तर घरच्यांनी गावच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडून दुसरी प्रत किंवा जनरल रजिस्टरचा उतारा आणावा. तो जोडून तुरुंगाच्या न्यायी विभागाकडे (कोर्टाचे कागद सांभाळणारा विभाग) दुरुस्तीचा अर्ज द्या. "वॉरंटवर असंच आहे" असं उत्तर मिळालं तर काम कोर्टाकडे जातं. कोठडीतल्या माणसाला त्यासाठी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागा, नाहीतर घरच्यांनी १५१०० या हेल्पलाइनवर फोन करावा.

बायकांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. आधारवर नाव सासरचं, पत्ता सासरचा, आणि सासरने दार कायमचं लावलेलं. कित्येकदा फिर्यादी त्याच घरातला असतो. कार्डावर तो पत्ता ठेवून काय करायचं? २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलता येतो. आई, वडील किंवा भाऊ आपल्या आधारवरून ऑनलाइन संमती देतात आणि माहेरचा पत्ता लागतो. घरभाड्याचा करार, वीजबिल असलं काही नसलेल्या बाईला हा मोठाच आधार आहे (शब्द मुद्दाम वापरलाय).

पत्ता तुरुंगाचा किंवा वकिलाच्या ऑफिसचा मात्र देऊ नका. कार्ड पोस्टाने येतं, आणि तोवर माणूस बाहेर पडलेला असतो.

जुन्या मोबाईल नंबरच्या भरवशावर राहणं

सिम ९० दिवस वापरलं नाही की कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला देते. मग आधारचा ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जातो. सुटलेला माणूस इथेच अडकतो, कारण सिमला आधार लागतं आणि आधार डाउनलोड करायला सिम. सोडवायचं असं: आधी केंद्रात ठसे देऊन आधारची छापील प्रत घ्या. तिच्यावर सिम घ्या. मग परत केंद्रात जाऊन नवा नंबर जोडून घ्या. त्याला कुठलाही कागद लागत नाही, ठसे पुरतात. एजंट "तात्पुरता माझा नंबर टाकतो" म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

पाकीट ठाण्यातच सोडून देणं

अटकेच्या वेळी खिशातलं पाकीट, लायसन्स, पॅन काढून घेतलेलं असतं. अंगझडतीच्या पंचनाम्यात त्याची नोंद असते, घरच्यांनी ती प्रत जपून ठेवावी. पुरावा म्हणून त्याची गरज नसेल तर वकिलामार्फत मुद्देमाल परत मिळवण्याचा अर्ज करता येतो. खटला चालू असताना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७ लागतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ४५१ होतं. पण त्या निकालासाठी थांबून राहू नका, पॅनची दुसरी प्रत दरम्यान मागवता येते. आधारशी न जोडलेलं पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झालंय, ते आधी तपासा. लायसन्सची मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागेल.

बँकेत "खातं बंद झालं" ऐकून परत येणं

दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, बंद नाही. केवायसी दिली की ते सुरू होतं, आणि त्यासाठी बँकेला शुल्क घेता येत नाही. खातंच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमात बंद्यांसाठी सोय आहे. तुरुंगाधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून, त्यांच्या प्रमाणपत्रावर 'लघु खातं' उघडता येतं. त्यात शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षाला जमा एक लाखापर्यंत आणि महिन्याला १० हजारांपर्यंत काढता येतात. बँकेच्या बऱ्याच शाखांना हे ठाऊकच नसतं, नियम दाखवावा लागतो.

रेशनकार्डावर ई-केवायसी न झाल्याने आतल्या माणसाचं नाव अडकलेलं असू शकतं, शिधावाटप कार्यालयात ते आधी बघा. मतदार यादीचंही तसंच. तुरुंगात असताना मत देता येत नाही, पण तेवढ्यावरून नाव वगळलं जात नाही. पत्ता बदलला असेल तर नमुना ८, यादीत नावच नसेल तर नमुना ६.

आणि पक्का कैदी संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेवर घरी येणार असेल, तर आधार केंद्राची वेळ तो यायच्या आधीच घेऊन ठेवा. एका घरात रजा दिवाळीत पडली होती. फराळ झाला, ठाण्यातली हजेरी झाली, आणि केंद्र उघडलं त्या दिवशी त्याला परत आत हजर व्हायचं होतं.